काकू, गाडी काढता का?

सकाळी साडेनऊपर्यंत आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या ऑफिसला जातात आणि मागे पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या मोकळ्या जागा उरतात. मे महिन्यात त्या जागांवर पोरांचा डोळा असतो. माझी गाडी बहुतेक घरीच असते, त्यामुळे दहाच्या सुमाराला बेल वाजते. दारात खडूने माखलेले चार हात. "काकू, गाडी काढता का? तुमच्या इथली फरशी बेस्ट आहे."

ती बेस्ट का, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. गुळगुळीत टाइलवर खडू घसरतो, पेव्हर ब्लॉकच्या फटींमध्ये रेघ अडखळते आणि डांबर खडू खाऊन टाकतं. माझ्या जागेत जुनी, खरखरीत शहाबादी आहे. तिच्यावर रंग बसतो. खडूचं टोक पाण्यात बुडवून ओढलं तर आणखी गडद बसतो आणि धूळही उडत नाही. घरात कुणाला दमा असेल तर खडू ओलाच वापरावा.

शाळेतला बारीक खडू इथे पाच मिनिटांत संपतो. जमिनीला जाडजूड खडू लागतो आणि तो घरी होतो. प्लास्टर ऑफ पॅरिस, रंगाची पूड आणि पाणी कालवायचं, कुल्फीच्या साच्यात ओतायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून कालवायचं काम मोठ्यांनी काठीने करायचं, हात घालायचा नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, नाहीतर प्लंबरची कमाई.

आता काढायचं काय? इथे मोठी माणसं हमखास लुडबुड करतात. ‘पाणी वाचवा’ असा विषय देतात, चौकोन वाटून देतात, बक्षीस ठेवतात आणि मग सगळी पोरं तोच नळ नि तोच थेंब काढतात. अशा स्पर्धा मला मनापासून आवडत नाहीत. कागदावर मूल मनगटाने काढतं, जमिनीवर अख्ख्या अंगाने: उकिडवं बसून, रांगत, मागे सरकत. त्या अंगमेहनतीला चौकोनात कोंबायचं कशाला?

विषयाऐवजी एखादी खोडी सुचवावी. सावलीची खोडी सगळ्यांत स्वस्त. सकाळी आठला एकाने उभं राहायचं, त्याच्या पावलांभोवती रेघ मारायची आणि सावलीची कड दुसऱ्याने दुसऱ्या रंगाने आखायची. दहाला त्याच पावलांत पुन्हा उभं राहायचं, मग बाराला. सकाळचा ताडमाड राक्षस दुपारपर्यंत बुटका होतो. आपण महाराष्ट्रात राहतो हा यातला खरा फायदा. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पहिली खेप ऐन सुट्टीत असते: कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ला आणि नागपुरात २६च्या सुमाराला. पुण्यामुंबईत साडेबाराच्या आगेमागे दोन मिनिटं उन्हात जाऊन बघा. ताठ उभ्या मुलाची सावली पायांतच विरघळते आणि आखायला काही उरत नाही. दिल्लीच्या पोरांच्या नशिबात ही गंमत कधीच नाही. (चप्पल घालूनच जा. त्या वेळी फरशी तव्यासारखी असते.)

दुसरी खोडी आकाशाचीच, पण तिला पार्किंग पुरत नाही. एक मीटर व्यासाचा पिवळा सूर्य काढा. या मापात पृथ्वी ९ मिलिमीटरची होते, म्हणजे वाटाणा, आणि ती सूर्यापासून १०७ मीटरवर काढायची. चंद्र म्हणजे जेमतेम मोहरी, वाटाण्यापासून फूटभराच्या आतच. आमच्या पोरांनी पावलं मोजत वाटाणा फाटकाबाहेर नेला, तेव्हा वॉचमनकाकाही त्यांच्या मागे निघाले. गुरू १० सेंटिमीटरचा, अर्धा किलोमीटर ओलांडून पुढे. शनी किलोमीटरभर लांब. तितक्या अंतरावर आमच्याकडे शनिमारुतीचं देऊळ आहे, त्यामुळे शनी काढायची गरजच पडली नाही. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हे ग्रह एकमेकांना खेटून का बसलेले असतात, असं त्यातल्या एकीने विचारलं. मी म्हटलं, पान छोटं असतं गं.

पोरांना खड्डे काढायलाही फार आवडतं. नासासाठी चित्रं काढणाऱ्या कर्ट वेनर या अमेरिकन चित्रकाराने १९८०च्या दशकात इटलीतल्या रस्त्यांवर अशी चित्रं काढायला सुरुवात केली, की एका ठरावीक जागेवरून पाहिलं तर जमीन दुभंगल्यासारखी वाटावी. इटलीत फरशीवर खडूने देवादिकांची चित्रं काढणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मांतुआजवळच्या ग्राझिए गावात १९७३पासून १५ ऑगस्टला त्यांचा मेळा भरतो. घरगुती आवृत्ती सोपी आहे. स्टुलावर फोन टेकवून ठेवायचा, एकाने पडद्यात बघून ओरडायचं, "अजून लांब ओढ, अजून!", आणि दुसऱ्याने जमिनीवर ओढत राहायचं. शेजारून बघितलं तर विहीर रबरासारखी ताणलेली दिसते. फोनमधून बघितलं की तिच्या काठावर उभं राहायची भीती वाटते.

फोनच नको असेल तर गॅलरी आहे. पोराने जमिनीवर आडवं पडायचं, बाकीच्यांनी त्याच्या हाताशी फुगे नाहीतर पाठीला पंख काढायचे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी वरून बघून सांगायचं की उडतोय का. आजी कधीकधी खालीही येतात. त्यांना ठिपक्यांच्या रांगोळीचा हिशोब तोंडपाठ असतो आणि पंधरा ते आठ म्हणजे काय, हे त्या भूमितीच्या शिक्षकापेक्षा लवकर समजावतात. ठिकरीची घरं आखायची वेळ आली की मात्र त्यांच्यात भांडणं. प्रत्येकीच्या गावची घरं वेगळी.

आता तक्रारीचं. आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं, "पार्किंग घाण होतं." जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांवर गेल्या तीन सभांत एक शब्द नाही, पण बादलीभर पाण्याने निघणाऱ्या फुलपाखरावर नोटीस लागते. सभेत मी हे बोलले. थोडं जास्तच बोलले, असं घरच्यांचं मत आहे. शेवटी ठरलं ते असं: पाहुण्यांच्या पार्किंगच्या दोन जागा सुट्टी संपेपर्यंत मुलांच्या, आणि पाहुण्यांनी रिक्षाने यावं. ठराव एकमताने झाला नाही, इतिवृत्तात तशी नोंद आहे.