खानदेशचा पिंगळा आणि मित्रांची भांडणे

छंदाने जोडलेली माणसे व्यवहाराने जोडलेल्या माणसांपेक्षा अधिक त्वेषाने भांडतात. आडतीवरच्या वादाला रकमेची मर्यादा असते. हिशेब चुकता झाला, चार मध्यस्थ बसले, चहा झाला की दोन्ही बाजू पुन्हा दुकान उघडतात. नाणी, टपाल तिकिटे, जुने दिवे, पक्षी ह्यांच्या नादात मात्र रक्कम नसतेच, त्यामुळे वाद कोठे थांबवायचा हे कोणालाच उमगत नाही.

जळगाव-धुळ्याकडील पक्षीमित्रांचेच पाहा. रविवारी पहाटे हतनूरच्या जलाशयावर एकाच डब्यातली भाकरी वाटून खाणारी मंडळी संध्याकाळी एका छायाचित्रावरून अबोला धरतात. छायाचित्र बहुधा पिंगळ्याचे असते. पाठवणारा म्हणतो, ‘रानपिंगळा!’ दुसरा म्हणतो, ‘दादा, माथ्यावर ठिपके दिसताहेत, हा आपल्या गावकुसाचाच पिंगळा.’ तिसरा ज्येष्ठ असतो आणि तो कोणाचेच ऐकत नाही. गावपिंगळ्याच्या माथ्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, चोच आणि पाय थोराड, पोट स्वच्छ पांढरे, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे. एवढ्याशा ठिपक्यांसाठी वीस वर्षांची मैत्री पणाला लावायची का, असे घरातली माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ह्या ठिपक्यांच्या मागे आपल्याच खानदेशात घडलेली एक मोठी हकीकत आहे, आणि ती वाचल्यावर निदान मला तरी ही भांडणे क्षुल्लक वाटेनाशी झाली.

हकीकतीचा आरंभ 1872 मधला. त्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगढमध्ये एक अनोळखी पिंगळा मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मित्राच्या नावावरून पक्ष्याला ‘ब्लेविटी’ हे नाव दिले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी पक्ष्यांचा छंद असा जोपासला की लोक त्यांना भारतीय पक्षिशास्त्राचे ‘पोप’ म्हणू लागले. ‘स्ट्रे फेदर्स’ म्हणजे ‘विखुरलेली पिसे’ ह्या नावाचे त्यांचे नियतकालिक देशभर पसरलेल्या हौशी मंडळींचा जणू कट्टा होता. कोणी रेल्वेचा अभियंता, कोणी मुलकी अधिकारी, कोणी लष्करातला. आपापल्या मुलुखातून ते नोंदी पाठवीत, एकमेकांच्या चुका काढीत आणि ते सारे छापूनही येई.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. त्या काळी पक्षी ओळखणे म्हणजे तो बंदुकीने पाडणे, कातडी सोलून तिच्यात कापूस भरणे आणि पायाला चिठ्ठी बांधणे. आपल्या वाचकांना हे वाचतानाही त्रास होईल, आणि व्हावा. ह्यूम ह्यांच्या संग्रहातील सुमारे 82 हजार नमुने पुढे ब्रिटिश म्युझियमला गेले. ह्या आकड्याकडे पाहून मन विषण्ण होते. स्वतः ह्यूम पुढे शाकाहारी झाले आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले, हेही त्याच आकड्याशेजारी लिहून ठेवायला हवे.

ह्यूम मोठे भांडखोर होते. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ ओटो फिन्श ह्यांच्या पोपटांवरील ग्रंथावर त्यांनी सडकून टीका केली. रानात एक दिवस न घालवता कपाटासमोर बसून पक्ष्यांची नावे बदलणारे हे लोक दुसऱ्याच्या कष्टावर स्वतःचा शिक्का मारतात, असा त्या टीकेचा रोख होता. व्हायकाउंट वाल्डेन ह्यांनी उलट ह्यूम ह्यांच्यावरच हल्ला चढवला. ह्या साऱ्यात फिन्श ह्यांचे काय झाले? ते ह्यूम ह्यांचे स्नेही झाले. 1874 मध्ये ह्यूम ह्यांनी करड्या डोक्याच्या एका पोपटाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘फिन्शी’. ज्याच्याशी पोपटांवरून वाद घातला, त्याचेच नाव पोपटाला! संवत्सरीच्या दिवशी एकाच वेळी दोनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ धाडणे सोपे असते; ज्या विषयावर दुखावले त्याच विषयात त्या माणसाचा मान करणे अवघड. इटाव्याचे रेल्वे अभियंता ब्रुक्स ह्यांनी तर 1878 मध्ये एका चिमुकल्या वटवट्याला ह्यूम ह्यांचेच नाव दिले. त्या मंडळींत ही एक सुंदर रीत होती.

ह्याच मंडळींपैकी एक जेम्स डेव्हिडसन. सनदी नोकरीनिमित्त ते खानदेशात होते. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी 1882 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलांत त्यांना तो दुर्मीळ पिंगळा अनेकदा मिळाला. 1884 नंतर मात्र त्याची खात्रीलायक नोंद थांबली. त्याच सुमारास ह्यूम ह्यांच्यावरही आघात झाला. हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना नोकराने त्यांची पंचवीस वर्षांची हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. कागदाची किंमत वजनावर ठरवणाऱ्यांच्या हाती ज्यांच्या जुन्या वह्या गेल्या असतील, त्यांना ह्या दुःखाची कल्पना येईल. ह्यूम ह्यांचे मन उडाले, कट्टा मोडला. जगातील संग्रहालयांत त्या पिंगळ्याचे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके नमुने उरले.

नंतरच्या पिढ्यांना एक नोंद तेवढी दिलासा देत राहिली. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन ह्यांच्या संग्रहात ह्याच जातीचा एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिले होते गुजरातेतील तापीकाठचे मांडवी, साल 1914. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही होता, आणि आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला होता! लोक तिकडे शोधू लागले. कोणाला काही सापडले नाही.

आता ह्या कर्नलसाहेबांविषयी. भारदस्त, साहसी, गोष्टीवेल्हाळ आणि आतिथ्यशील असा हा माणूस. त्यांच्याशी कोणी भांडत नसे. पक्षिशास्त्रात त्यांचा दबदबा होता. पण फार पूर्वी परवानगीविना नमुने बाहेर नेल्याबद्दल ब्रिटिश म्युझियमच्या पक्षी दालनात त्यांना सुमारे दीड वर्ष प्रवेशबंदी झाली होती. पुढेही तेथील माणसांच्या मनात संशय होता, खासगीत कुजबुज होती. उघडपणे मात्र कोणी बोलले नाही. थोर घराणे, मोठा मान, जुना स्नेह, कोणी वाईटपणा घ्यायचा? 1954 मध्ये त्यांनी आपला सुमारे 20 हजार नमुन्यांचा संग्रह त्याच संस्थेला दान दिला. दात्याच्या दानाची तपासणी करणे आपल्याकडेही शिष्टसंमत नाही. 1967 मध्ये कर्नल वारले आणि कुजबुज कुजबुजच राहिली.

सालिम अलींचा प्रसंग ह्याच संदर्भात आठवतो. (तरुणपणी ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाचा खाण आणि लाकडाचा धंदा सांभाळताना दुकानापेक्षा रानात रमणारे सालिम अली आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरातल्या धाकट्या चिरंजीवांसारखेच होते.) 1937 मध्ये ते मायनर्ट्झहागेन ह्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले. कर्नलनी रोजनिशीत ह्या सहप्रवाशाविषयी अत्यंत अपमानास्पद शेरे लिहून ठेवले. पुढे ती रोजनिशी सालिम अलींच्या वाचनात आली. त्यांनी काय करावे? 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ते शेरे जसेच्या तसे छापून टाकले, वर त्याच माणसाविषयी आपुलकीनेही लिहिले. आपल्याविरुद्धची नोंदसुद्धा खाडाखोड न करता वहीत राहू देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

1993 मध्ये ॲलन नॉक्स ह्यांनी कर्नलच्या काही नमुन्यांतील लबाडी उघड छापून दाखवली. नंतर अमेरिकेतील पामेला रासमुसेन ह्या विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवर ग्रंथ सिद्ध करताना त्या पिंगळ्यापाशी आल्या. नायजेल कोलार ह्यांच्यासह त्यांनी नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली, टाके पाहिले. डेव्हिडसन ह्यांची कापूस भरण्याची खास पद्धत होती आणि ‘मांडवी’च्या पिंगळ्यात तीच दिसली. कातडी उसवून पुन्हा शिवलेली होती. अर्थ स्पष्ट होता. डेव्हिडसन ह्यांनी खानदेशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून उचलला गेला, त्याची मूळ चिठ्ठी काढून टाकली गेली आणि मांडवीची खोटी चिठ्ठी बांधली गेली. ही सारी तपासणी 1999 मध्ये प्रसिद्ध झाली.

रोजमेळात एक खोटी रक्कम चढली की ती खतावणीत उतरते, खतावणीतून ताळेबंदात जाते आणि तिसऱ्या पिढीतला मुलगा त्या भरवशावर देणे-घेणे करतो. येथेही तसेच झाले. मांडवीच्या खोट्या नोंदीमुळे शोध भलत्या जागी होत राहिला.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरल्या फक्त जुन्या खऱ्या जागा. 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट भारतात आले. आधी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हिंडले. हाती काही आले नाही. मग ते खानदेशात, तळोद्या-शहाद्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर, लख्ख उन्हात बसलेला पिंगळा बेन किंग ह्यांना दिसला. माथा कोरा, पाय थोराड, पोट पांढरे. 113 वर्षांनी. घुबडाच्या जातीचा म्हणून लोक त्याला रात्री शोधत. हा मात्र दिवसा वावरणारा निघाला. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे असद रहमानी, फराह इश्तियाक, गिरीश जठार ह्यांनी त्याचा अभ्यास केला. तोरणमाळच्या परिसरात, मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही तो आढळला. आजही तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. पायथ्याची जंगले कुऱ्हाडीखाली जात आहेत, आणि घुबडाविषयीच्या खुळ्या समजुतीही अजून संपलेल्या नाहीत.

पुन्हा आपल्या पक्षीमित्रांकडे येऊ. ठिपक्यांच्या वादाहून मोठे वाद त्यांच्यात आता आहेत. भ्रमणध्वनीवर रानपिंगळ्याची साद वाजवली की पक्षी आपल्या हद्दीत परका आला समजून धावत येतो. छायाचित्र उत्तम मिळते. विणीच्या हंगामात हे करणे म्हणजे त्या जोडीला विनाकारण दमवणे होय. छायाचित्रकार म्हणतात, ‘दोन मिनिटांनी काय बिघडते?’ दुसरी बाजू म्हणते, ‘तुमची दोन मिनिटे, तसे पन्नास जण येतात.’ माझ्या मते दुसरी बाजू बरोबर आहे, आणि हे तोंडावर सांगणाऱ्याला उद्धट ठरवून गटाबाहेर काढणे अगदी चूक आहे.

घरट्याची जागा जाहीर करावी की नाही, हा वाद अधिक नाजूक. काही जण जागा सांगत नाहीत, म्हणून त्यांच्यावर मक्तेदारीचा आरोप होतो. येथे व्यापाऱ्याला समजेल असा भेद करता येईल. आपली खरेदी कोठून झाली हे गिऱ्हाइकाला न सांगणे व्यवहारात बसते. खोटे ठिकाण सांगणे बसत नाही. ‘जागा सांगणार नाही’ असे म्हणणारा पक्षीमित्र कोणाचा शोध बिघडवत नाही. यावलला काढलेले छायाचित्र चोपड्याचे म्हणून पाठवणारा बिघडवतो, मग त्याची भाषा कितीही गोड असो. त्याला त्याच दिवशी, चारचौघांत, पण नीट शब्दांत विचारले पाहिजे. कर्नलसाहेबांना त्यांच्या मित्रांनी विचारले नाही.

आणि एक वाद असाही आहे, जो कधीच मिटू नये असे मला वाटते. धुळेकर म्हणतात, रानपिंगळा पुन्हा सापडला तो धुळे जिल्ह्यात. कागदोपत्री ते खरे आहे. नोव्हेंबर 1997 मध्ये शहादा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबारकर हसून सांगतात, 1 जुलै 1998 रोजी आमचा जिल्हा झाला आणि झाड आमच्याकडे आले. जळगावकर यावलचे नाव घेऊन मध्ये पडतात. मग कोणीतरी डेव्हिडसनची यादी पुढे करतो. तिच्या शीर्षकात ‘पश्चिम खानदेश’ आहे, म्हणजे सरकारने 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे करण्याच्या तब्बल 24 वर्षे आधी. त्यावर जळगावकरांचे म्हणणे असे, की मग तो डेव्हिडसन धुळ्याच्या बाजूचाच होता, त्याची साक्ष धरता येणार नाही.

हतनूरच्या काठावर डबे उघडेपर्यंत हे चालते.