आभाराची एक ओळ

१/ केऑस थिअरी म्हटले की फुलपाखरू आठवते आणि एडवर्ड लॉरेन्झ. हे श्रेय योग्यच, पण अपुरे आहे.

२/ एमआयटीत एलजीपी-३० या संगणकावर हवामानाची जुनी गणना मधूनच पुन्हा सुरू करताना लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला. फरक नगण्य, तरी पुढील हवामान आधीच्या गणनेहून पार निराळे निघाले. नियम निश्चित असूनही दूरचे भाकीत अशक्य ठरू शकते, हे त्यातून उमगले.

३/ त्या संगणकाचे प्रोग्राम आरंभी मार्गारेट हॅमिल्टन लिहीत; पुढे अपोलोच्या सॉफ्टवेअरमुळे गाजल्या त्याच. १९६१ मध्ये त्यांनी आपले काम एलेन फेटर यांना शिकवून सोपवले. १९६३ च्या विख्यात शोधनिबंधातील आकडेमोड आणि आलेख फेटर यांनी सांभाळले.

४/ निबंधावर लेखक म्हणून नाव मात्र एकच. फेटर यांच्या वाट्याला अखेरची आभाराची ओळ आली. लॉरेन्झ यांनी ती लिहिली. इतिहास सांगणाऱ्यांनी दीर्घकाळ तिच्याकडे दुर्लक्ष केले.

५/ आरंभीच्या सूक्ष्म फरकालाही मोल देणाऱ्या या शास्त्राचा आरंभ सांगताना तरी ही दोन नावे गाळली जाऊ नयेत.