शाबासकी, पण...

परवा अप्रेझलचं लेटर हातात पडलं. रेटिंग झकास! टीमला समोसे झाले, बायकोला मेसेज झाला आणि मग सवयीनं बाबांना फोन. पलीकडून शांत आवाज, ''चांगलं आहे. बाकीच्यांना किती मिळाली?'' बॉस, वय वर्षं बत्तीस, डोक्यावर होम लोन, आणि एका सेकंदात मी पुन्हा दहावीत!

टीव्हीवरच्या हुशार पोरांचं बरं असतं. २०११ मध्ये 'ग्ली'तल्या माईक चँगला केमिस्ट्रीत ए मायनस मिळते आणि घरी जणू तो नापासच होतो. वडिलांना हार्वर्ड हवं, त्याला डान्स. पण पुढे काही भागांतच वडील त्याचा परफॉर्मन्स बघायला येतात आणि विरघळतात. आपल्या 'कोटा फॅक्टरी'त (२०१९) तर आईबाप पडद्यावर फारसे दिसतच नाहीत. मग पाठीवर थाप मारायची ड्युटी जीतूभैयाकडे. म्हणजे शाबासकीसुद्धा आउटसोर्स!

या सगळ्यांत मला खरी टोचली ती कोरियाची 'स्काय कॅसल'. २०१८-१९ मध्ये तिथे धो धो चाललेली ही २० भागांची मालिका. डॉक्टर-प्रोफेसरांची पॉश वसाहत आणि पोरांना टॉपच्या मेडिकल कॉलेजात घालण्यासाठी वाट्टेल ते करणारे पालक. तिथली सेरी हार्वर्डला शिकते, असं तिचे वडील गावभर सांगत असतात. कायद्याचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थांनी घरात चक्क पिरॅमिड ठेवलाय, मुलांना 'टोकावर पोचायचं' हे शिकवायला! आणि सेरी? ती हार्वर्डची विद्यार्थिनी नसतेच. खोटं पकडलं जातं तेव्हा मला राग तिचा नाही आला. पोटात गोळा आला.

पण सगळ्यात भारी सीन टीनएजरचा नाहीच. तो आहे जुनसांगचा. नामवंत सर्जन, पन्नाशीला टेकलेला. तो स्वतःच्या म्हाताऱ्या आईपुढे लहान मुलासारखा रडतो. तू म्हणालीस म्हणून डॉक्टर झालो, आता मी कोण तेच कळत नाही, असं काहीसं म्हणतो. गंमत म्हणजे, तोवर यानंही आपल्या मुलीला, येसोला, त्याच शर्यतीत पळू दिलेलं असतं. थाप न मिळालेला हात थाप द्यायलाही शिकत नाही, दुसरं काय!

हे बघून मी मोठ्या तोऱ्यात ठरवलं, आपण असलं काही करायचं नाही. दुसऱ्याच दिवशी नववीतल्या भाचीनं व्हिडिओ पाठवला. स्वतः बसवलेलं गाणं, कीबोर्डवर. खाली लिहिलेलं, 'मामा, कसं वाटलं?' मी टाइप केलं, 'मस्त! पण शेवटी जरा ताल...'

बोट थांबलं. 'पण'पासून पुढचं सगळं डिलीट केलं. तालाचं काय, पुढच्या वेळी बघू.