राहिलेले मेल आणि फोल्डरांची पन्नास वर्षं

ई-मेल सुरू झाला तेव्हा फोल्डर नव्हते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला. असे निरोप एकाच फाइलीत एकाखाली एक साठत जात आणि वाचायला बसलं की सगळी फाइल पहिल्यापासून डोळ्यांसमोरून सरके. कुरकुर सुरू झाली ती थेट वरून. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा'चे संचालक स्टीफन लुकासिक या ढिगाऱ्याला वैतागले आणि लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये 'आरडी' नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. मेलची यादी दिसू लागली, हवा तो मेल आधी उघडता येऊ लागला.

फोल्डर आले ते वाचून झालेलं ठेवायला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रँड कॉर्पोरेशनमध्ये तयार झालेल्या 'एमएच' या मेल प्रोग्राममध्ये प्रत्येक मेल म्हणजे एक फाइल आणि प्रत्येक फोल्डर म्हणजे एक डिरेक्टरी. माणूस मेल वाचायचा आणि मग हाताने जागच्या जागी लावायचा. राहिलेलं इनबॉक्समध्ये, झालेलं फोल्डरमध्ये, हिशेब सरळ होता. तो बिघडवला फिल्टरने. १९९० मध्ये 'प्रॉकमेल' आला आणि नियम लावून दिले की मेल परस्पर फोल्डरात जाऊन पडू लागला. सोय मोठीच होती, पण आता टपाल कोणाच्या नजरेखालून न जाताच कपाटात बंद होऊ लागलं. न वाचलेलं काही असलं की फोल्डरचं नाव ठळक होतं, शेजारी आकडा येतो, हे खरं. पण तोच फोल्डर दुसऱ्याच्या पोटात आणि बाहेरचा मिटलेला असेल, तर आकडा बघणार कोण?

खरी गोम पायातच आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला 'आयमॅप' हा सर्व्हरवरचे मेल वाचण्याचा प्रोटोकॉल रचायला घेतला. वाचल्याची खूण सर्व्हरवरच राहते, ही त्याची मोठी देणगी. ऑफिसात वाचलेला मेल घरच्या संगणकावरही वाचलेलाच दिसतो. मेल आणण्याच्या 'पॉप' या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये ते नव्हतं. मात्र आयमॅपमधला शोध उघडलेल्या एका फोल्डरपुरताच चाले. चाळीस फोल्डर असतील तर प्रोग्रामने चाळीस दारं ठोठावायची. सगळीकडे एकदम शोधण्याची तरतूद प्रायोगिक म्हणून यायला २०११ उजाडलं, ती रीतसर मानकात आली २०१४ मध्ये.

तोवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापली वाट काढली होती. २००१ च्या 'इव्होल्यूशन'मध्ये आभासी फोल्डर होते, 'आउटलुक २००३'मध्ये न वाचलेल्या मेलचा सर्च फोल्डर तयारच मिळाला, पाठोपाठ २००५ मध्ये ॲपलने स्मार्ट मेलबॉक्स दिले. या तिन्हींत मेल मूळ जागीच राहतो. फोल्डर म्हणून दिसते ती जपून ठेवलेली शोधाची अट. या साऱ्या प्रवासातली मला पटलेली कल्पना हीच. १ एप्रिल २००४ ला आलेल्या जीमेलने तर फोल्डरच काढून लेबलं आणली. तरी फिल्टरने इनबॉक्स टाळायची सोय तिथेही आहेच, त्यामुळे मेल दडायचे ते दडतातच.

आणि प्रिव्ह्यूने नुसती झलक दाखवून 'वाचलं' अशी खूण करून टाकली, तर यातलं काहीच कामाचं नाही. ती सेटिंग आधी बघावी.

अर्धशतकानंतरही न वाचलेल्या मेलची यादी मेनूच्या आतल्या घरात शोधावी लागते, हे बनवणाऱ्यांना शोभत नाही. ती उघडल्या उघडल्या समोर हवी. तोवर थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी 'व्ह्यू'मध्ये 'फोल्डर्स'खाली 'अनरेड' निवडावं, म्हणजे ज्यांत वाचायचं काही उरलंय तेवढेच फोल्डर दिसतील. जीमेलवाल्यांनी शोधपट्टीच्या शेजारच्या पर्यायांतून न वाचलेले मेल मागवावेत. स्पॅम मात्र वेगळं उघडून बघा. साध्या शोधात ते येत नाही.