‘घर’ किती वेळा आलं?

“आता एआय स्क्रिप्ट लिहून देतो, मग टर्मिनल उघडून शेलच्या कमांड शिकायच्या कशाला?” हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण विचारतात. माझं मत सांगतो. शिका, आणि सराव मराठी मजकुरावर करा.

१९८६ मध्ये डोनाल्ड नुथ या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाने एक काम हाती घेतलं होतं : मजकुरात सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द शोधायचे आणि त्यांची यादी छापायची. त्यांचा प्रोग्राम कित्येक पानांचा झाला. त्यावर अभिप्राय लिहिताना डग मॅकिलरॉय यांनी तेच काम फक्त सहा कमांडमध्ये करून दाखवलं. मॅकिलरॉय म्हणजे ज्यांच्या कल्पनेतून १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आला, ते. पाइपमुळे एका कमांडचं उत्तर थेट पुढच्या कमांडच्या हातात पडतं. ‘टीआर’ एकेक शब्द वेगळ्या ओळीवर टाकते, दुसरी ‘टीआर’ कॅपिटल अक्षरं लहान करते, ‘सॉर्ट’ सारखे शब्द शेजारी आणते, ‘युनिक’ ते मोजते, पुन्हा ‘सॉर्ट’ मोठे आकडे वर नेते आणि ‘सेड’ हवे तेवढेच शब्द ठेवते.

आता हीच साखळी आपल्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यावर चालवून बघा. यादीत एकही शब्द येणार नाही! पहिल्या कमांडला सांगितलेलं असतं, “ए ते झेड ठेव, बाकी सगळं काढ.” म्हणजे आपला अख्खा धडा ‘बाकी’ ठरतो, आणि टर्मिनल त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागी नवी ओळ द्यायची आणि विरामचिन्हं काढायची. कॅपिटलची पायरी तर गाळूनच टाका, मराठीत कॅपिटल नसतातच. (रकाने मात्र वाकडे दिसू शकतात. काही कमांड अक्षरांऐवजी बाइट मोजतात, आणि ‘घर’ या दोन अक्षरांचे सहा बाइट होतात.)

एआयलाही हे सगळं जमेल. पण तयार झालेली यादी नीट वाचा. ‘घर’, ‘घरी’, ‘घरात’, ‘घराला’ हे तिथे चार वेगळे शब्द असतील, कारण ‘युनिक’ला विभक्ती कळत नाही. समजा, अशा यादीवरून पहिल्या पातळीच्या मुलांसाठी शब्द निवडले. ‘आणि’ सगळ्यात वर दिसेल, ‘घर’ चार ठिकाणी वाटलं जाऊन खाली जाईल, कदाचित पुस्तकात येणारच नाही. रिपोर्ट दिसायला सुबक असेल, पण चुकीचा असेल. हे कोणाच्या लक्षात येणार? ज्याला पाइप कळतो पण मराठी येत नाही, त्याच्या नाही. तुमच्या आजीला मराठी उत्तम येतं, पण स्क्रिप्ट वाचता येत नाही. तुम्हाला दोन्ही येऊ शकतं, म्हणून मी तुमच्या मागे लागतो.

या आठवड्यात एक धडा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा आणि ‘टीआर’, ‘सॉर्ट’, ‘युनिक’ एवढ्या तीनच कमांड जोडा. मग यादी अक्षरांच्या क्रमाने लावून ‘कळ’ आणि ‘कवच’ कुठे येतात ते बघा. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावली तर ‘कळ’ आधी येईल, कारण तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो.