गिऱ्हाईक सीमेपलीकडे, दुकान अलीकडे



चंदगड, गडहिंग्लज भागातली माणसे लग्नाचा बस्ता बांधायला पूर्वापार बेळगावला येतात. गोव्याहूनही गिऱ्हाईक येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले राज्य बदलले, पण बाजारपेठ बदलली नाही. गणपत गल्ली, खडे बाजार, शहापूर येथील कित्येक दुकानांची लगीनसराई आजही सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकावर उभी आहे.

हेच आपले बळ, आणि हीच आपली दुखरी बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, वाहनांवर दगड पडले आणि दोन राज्यांतल्या बसगाड्या थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा बस बंद. २०२० च्या टाळेबंदीत तर पासाशिवाय सीमा ओलांडता येत नव्हती. भांडण कोणाचेही असो, बस थांबली की गल्ला थांबतो. त्या आठवड्यात ज्याने दुसरीकडे खरेदी केली, तो पुढच्या वेळी आपल्याकडे परत येईलच याची खात्री काय?

म्हणून सांगणे एवढेच, की गिऱ्हाईक येईल याची वाट पाहण्यापेक्षा दुकान त्याच्या हातातल्या फोनवर न्या. दुकान बंद करा, असे कोणी म्हणत नाही.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: 'आमचे गिऱ्हाईक हात लावल्याशिवाय माल घेत नाही.' बस्त्याच्या बाबतीत ते खरेच आहे. पण बस्ता बांधून गेलेल्या घरात पुढे बारसे असते, दिवाळी असते, गौरी असतात. त्या घराचा आपल्यावर विश्वास आधीच बसलेला आहे. त्यांना चार साड्यांचे फोटो, किंमत आणि पोहोचण्याचा दिवस कळवला तर बस नसली तरी मागणी येते. रस्ता बंद असेल तर माल दोन दिवस उशिरा जाईल, पण गिऱ्हाईक हातचे जाणार नाही. कुंद्याचे मात्र जपून करावे. तो फार दिवस टिकत नाही, म्हणून लवकर पोहोचेल अशाच गावी पाठवावा आणि डब्यावर तारीख व अन्न परवान्याचा क्रमांक घालावा.

दुसरी भीती कराची. ती खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमेवरून राज्याच्या कर खात्याने छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळुरात अनेकांनी क्यूआर कोडच उतरवले. पण कोड उतरवून धंदा वाढत नाही, त्यापेक्षा नियम समजून घ्यावा. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्याला मोठ्या ऑनलाइन बाजारांतूनही राज्यात विकता येते. मात्र कोल्हापूरला पार्सल पाठवले की ती परराज्यातली विक्री ठरते. तेथे हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते, आणि कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला ती विक्री करताच येत नाही.

म्हणजे हुबळीचा दुकानदार धारवाडला बिनघोर विकेल, आणि आपण शेजारच्या चंदगडला विकताना अडणार! हा अन्याय सीमाभागालाच सर्वांत जास्त जाचतो. सीमेलगतच्या छोट्या व्यापाऱ्याला शेजारच्या राज्यातही ४० लाखांची सवलत मिळावी, ही मागणी आपल्या संघटनेने आणि दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींनी जीएसटी परिषदेपर्यंत न्यायला हवी. तोवर सल्लागाराला विचारून नोंदणी करून घेणे हाच शहाणपणा.

तिसरी गोष्ट, मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन बाजारात जरूर बसा, पण सर्वस्व तेथे ठेवू नका. तेथे कमिशन जाते, परत आलेल्या मालाचा भुर्दंड पडतो आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक त्यांचे राहते. उधारीच्या वहीइतक्याच जिव्हाळ्याने गिऱ्हाइकांच्या नावांची व फोन नंबरांची वही ठेवा. ती आपली खरी दौलत. पैसे जमा झाल्याचा नुसता फोटो पाहून माल सोडू नका, खाते पाहा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आता भाषेचे. २०२४ च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे झाले. पाटीचा लढा आपण लढतच राहू. पण फोनवर मालाचे वर्णन शुद्ध मराठीत लिहायला आपल्याला कोणी अडवले आहे? तरीही आपल्याच दुकानांची माहिती मोडक्या इंग्रजीत असते. मराठीत लिहा, कानडी गिऱ्हाइकासाठी कानडीतही लिहा. धंद्याला दोन्ही भाषा हव्यात.

प्रत्येक गल्लीतल्या मंडळाने दोन शिकलेली मुले द्यावीत. त्यांनी रविवारी एकेका दुकानात बसून फोटो, किमती, नकाशावरचा पत्ता एवढे करून द्यावे. ज्या बापाच्या दुकानावर ती शिकली, त्या बापाला तासभर शिकवायला त्यांना जड जाऊ नये. नाहीतर उद्या तीच मुले पुण्याला नोकरी शोधतील आणि आपण पिढीजात दुकानाला कुलूप लावू. सीमाभागात मराठी टिकायची तर मराठी माणसाचा गल्लाही टिकला पाहिजे.