'इनडोअर' बोन्साय नावाची थाप

आधीच सांगून टाकतो, 'इनडोअर बोन्साय' या शब्दावर माझा विश्वास नाही. त्यात 'फुलणारं इनडोअर बोन्साय' म्हटलं की मला शुद्ध मार्केटिंगचा वास येतो. झाड हे झाडच असतं. वडाचं असो नाहीतर कुंतीचं, आपण त्याला फूटभर उंचीचं ठेवलं म्हणून ते ट्यूबलाईट खाऊन जगायला शिकत नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे सध्या भेट म्हणून बोन्साय द्यायची टूम निघाली आहे. प्रमोशन झालं, द्या बोन्साय. गृहप्रवेश, द्या बोन्साय. गेल्या दिवाळीत आमच्या मजल्यावर अशी डझनभर झाडं आली, मॉनिटरशेजारी विराजमान झाली, आणि होळीपर्यंत त्यातली बहुतेक पॅन्ट्रीच्या कचऱ्यात गेली. प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं : "अरे, पाणी तर रोज घालत होतो." रोज घालत होतास म्हणूनच गेलं ना बाबा! पण दोष त्याचाही नाही. बरोबरच्या कार्डावर लिहिलं होतं, 'ऊन नको, रोज थोडं पाणी द्या'. इतकी चुकीची सूचना आम्ही सॉफ्टवेअरमध्येसुद्धा लिहीत नाही :)

आता जरा आकडे बघू. भर दुपारच्या उन्हात साधारण 1 लाख लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स सहज मिळतात. आणि आपलं ऑफिसचं झकपक टेबल? 300 ते 500 लक्स. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळे फार हुशार असतात, अंधाराशी जुळवून घेतात. पानांकडे ही सोय नाही. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट अ‍ॅप टाका आणि खिडकीपासून सोफ्यापर्यंत चालत जा. तो आकडा ज्या वेगाने घसरतो ते बघून माझं तरी बऱ्याच गोष्टींबद्दलचं मत बदललं. एवढ्या प्रकाशात झाड फार तर जीव धरून राहील. फुलं ही चैन आहे, आणि चैन शिलकीतून होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. झाड राहायला बाल्कनीत, आणि फुललं की दोन-तीन दिवस पाहुणं म्हणून हॉलमध्ये. ही काही माझी अक्कल नाही. जपानी लोक हेच करतात. त्यांची बोन्साय बाहेर उन्हापावसात असतात, आणि पाहुणे यायचे असले की बैठकीच्या खास कोनाड्यात थोडा वेळ मांडली जातात. मग परत बाहेर. आपण फोटो तेवढा कोनाड्यातला बघितला आणि समजलो की ते तिथेच राहतं.

आपल्याकडे फुलांसाठी मी डोळे मिटून कुंतीचं नाव घेईन. (काही जण तिला कामिनी म्हणतात.) बोगनवेल रंगाने जास्त मिरवते, पण तिचे रंगीत भाग ही फुलं नव्हेतच, ती पानांचीच बदललेली रूपं. खरं फूल म्हणजे आतली ती इवलीशी पांढरी नळी. शिवाय कडक उन्हाशिवाय ती ढिम्म फुलत नाही. कुंती त्या मानाने समंजस. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं की खूश. आणि वास! रात्री बाल्कनीचं दार उघडं ठेवून बघा.

मात्र कुंती लिंबाच्या कुळातली, आपल्या कढीपत्त्याची नातेवाईक, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत नखरेल आहे. वाकड-हिंजवडीकडच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात, ते बहुधा बोअरचं जड पाणी. ते सतत दिलं की मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं की खत कमी पडलं म्हणून आणखी खत ओतू नका. पावसाळ्यात बादल्या भरून पाणी साठवा, नाहीतर नर्सरीत चिलेटेड लोह मिळतं ते अगदी थोडं द्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्या तमाम काटकसरी मंडळींना हात जोडून विनंती, बोन्सायला ते नको. सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. फरशी पुसा त्याने.

पाणी कधी घालायचं याला वेळापत्रक नाही. बांबूची काडी मातीत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर थांबा, जेमतेम दमट असेल तर खालच्या भोकांतून वाहीपर्यंत घाला. मेच्या उन्हात दिवसातून दोनदा लागेल, जुलैत आठवडाभर नाही. माती म्हणाल तर निव्वळ काळी माती किंवा निव्वळ कोकोपीट दोन्ही नको. विटांचा बारीक चुरा, जाड वाळू आणि थोडं शेणखत, सगळं चाळून घेतलेलं. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी ओल्या कापडाने पुसा, मग निमतेल.

आता खरी मेख. कुंतीची फुलं बहुतेक फांदीच्या टोकाला येतात. आकार नीट राहावा म्हणून दर रविवारी कात्री चालवली तर कळ्याच कापल्या जातात. तेव्हा बहर संपला की एकदाच मनासारखं छाटायचं आणि मग दोन-तीन महिने हात आवरायचा. झाड थोडं अस्ताव्यस्त दिसतं. दिसू दे. आकार आणि फुलं एकाच वेळी मागणारा माणूस मला त्या क्लायंटसारखा वाटतो, ज्याला सगळं उद्याच हवं असतं.

घरात बोन्साय ठेवलं की प्रगती खुंटते, असं आमच्या शेजारच्या काकूंचं मत आहे. त्यावर मी वाद घालत नाही. पण 'झाडाचा छळ' या आरोपाला उत्तर द्यायला हवं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक पाइन आहे. 1625 पासून कुंडीत वाढवलेला, 1945 ला हिरोशिमाच्या बॉम्बपासून जेमतेम तीन किलोमीटरवर असून वाचलेला, आणि 1976 मध्ये यामाकी घराण्याने अमेरिकेला भेट दिलेला. चारशे वर्षांचा छळ कोणी सोसत नाही हो. दर काही वर्षांनी मुळं छाटून नवी माती दिली (कुंतीला पावसाळ्याच्या तोंडावर) तर झाड उलट तरुण राहतं. छळ म्हणायचाच असेल तर एसीच्या झोताखाली, खिडकीपासून वीस फुटांवर ठेवणं याला म्हणा.

बाल्कनी नाही, खिडकी उत्तरेला, महिन्यातून दोनदा गावी जाता? मग घेऊ नका. मनी प्लांट घ्या, तो बिचारा सोसतो. अगदीच हौस असेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा वीतभर उंचीवर टांगून रोज बारा तास लावा, बिलाची तयारी ठेवा.

आणि नर्सरीत गेलात तर वरचे पांढरे खडे बोटाने उचकटून बघा. गोंदाने चिकटवलेले निघाले तर ते झाड तिथेच ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.